आभाराची बाटली

आई गाडी धूत होती, आणि बिरागोला पहिला संशय तिथंच आला.

दुफीनं, म्हणजे तिच्या आईनं, जन्मात कधी बादली उचलली नव्हती. कुमासीच्या बाजारात कापडाचं दुकान चालवलेली बाई. हाताखाली पोरी असायच्या, हिनं नुसतं बोट दाखवायचं. आणि आज, काल बाबांच्या वर्षाच्या प्रार्थनेला नेसलेलं पांढरं कापड अजून दोरीवर असताना, ही बया अंगणात उकिडवी बसून ओसेबोची चाकं घासत होती.

ओसेबो म्हणजे बिबट्या, गाडीचं लाडाचं नाव. बाबांनी गाडी आणली तेव्हा सगळी गल्ली बघायला आली होती. काळी कुळकुळीत, रुंद, चामड्याच्या सीटा, पुढं खऱ्या लाकडाची पट्टी. आता म्हातारी झाली होती. छपराची काच उघडायची बंद झालेली. ड्रायव्हरच्या सीटचं चामडं फाटून पिवळा स्पंज बाहेर. हवेवरचे स्प्रिंग गळत होते, त्यामुळं रात्रीतून तिचं ढुंगण जमिनीला टेकायचं आणि सकाळी चालू केली की फुस्स करत हळूहळू उठायचं. त्यात हरमाटानची, वाळवंटाकडून येणाऱ्या वाऱ्याची, धूळ. आई ती धूळ बोटानं खाचाखाचांतून काढत होती.

"गिऱ्हाईक येणारे का?" बिरागोनं विचारलं. "मी सुआमेच्या मेकॅनिकशी बोललेय. तो इंजिनासाठी घेतो म्हणतो."

"विकायची नाही. दान करायची. बोसोआसेच्या बाळंतघराला." आईनं मान वर केली नाही. "तिथल्या सिस्टर पिनामांग दुपारी येतायत. तुझे काकाही येतायत."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मागचं चाक राहिलंय. घे फडकं."

बिरागोनं फडकं घेतलं नाही. गाडी विकायची, त्या पैशात मोठ्या रस्त्याला दोन खोल्या आणि एक गाळा बघायचा, म्हणजे काकांनी घरातून काढलं तरी आईला कुणाच्या दारात जाऊन उभं राहायला नको, हे तिनं कधीचं ठरवलं होतं. आणि काका काढणार, यात काय शंका? "वर्ष होऊ दे, मग घराचं बघू," असं बारिमाकाका बाबांच्या शवपेटीशेजारी उभं राहून सगळ्यांदेखत म्हणाले होते. वर्ष काल झालं. विकता येईल अशी ही एकच वस्तू हातात उरली होती, आणि आई ती फुकट वाटायला निघाली होती.

वियाफेदादा आत फुफू, कंद कुटून केलेला मऊ गोळा, खात बसला होता. हॅम्बुर्गला राहून राहून त्याला आता चमचा लागायचा.

"ऐकलंस का?" बिरागो म्हणाली.

"ऐकलं. चांगलं काम आहे. पुण्य लागेल."

"आणि आई राहणार कुठं? त्या पुण्यात?"

"तू ना, उगाच." दादानं चमचा ठेवला. "खरं सांग, गाडी तुलाच पाहिजे होती ना? शाळा सोडलीस तेव्हापासून तिच्यातच बसलेली असतेस."

"मला पाहिजे असती तर मागितली असती. तोंड आहे मला."

"ते आख्ख्या कुमासीला माहितीये." तो हसला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, काका आईला लगेच काही करणार नाहीत. माझं बोलणं झालंय त्यांच्याशी."

"कधी?"

"काल. चर्चच्या मागं."

"आणि तू त्यांना काय कबूल केलंस?"

दादानं चमचा उचलून शेळीचं कालवण ढवळलं.

"काय कबूल केलंस, दादा?"

"घराच्या विषयात मी पडणार नाही, एवढंच. मी परवा जाणार. मला इथं भांडण नको."

बिरागोला वाटलं ते कालवण त्याच्या डोक्यावर ओतावं. पण आणखी एक गोष्ट डोक्यात टोचत होती, म्हणून तिनं हात आवरला. काकांचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं: घर, गाडी, लाकडाची वखार, सगळं एकच गाठोडं. सगळं कुळाच्या पैशातलं. त्यातली चिंधीसुद्धा सुटी करायची नाही. बाप मेला की त्याचं पोरांना जात नाही, त्याच्या बहिणीच्या लेकाला जातं, ही जुनी रीत. कायदा कधीच बदललाय. बायकोला आणि पोरांना हक्क आहे. पण कायदा कोर्टात राहतो आणि काका पलीकडच्या गल्लीत. मग गाठोड्यातला सगळ्यात चकाकता तुकडा दान होताना बघायला हा माणूस हौसेनं कसा काय येतोय? थांबवायला यायला पाहिजे.

काहीतरी शिजत होतं. आणि ते आईच्या चुलीवर होतं की काकांच्या, तेच कळत नव्हतं.

*

कोनादू आत्या सगळ्यांच्या आधी आली. तिचा मुलगाच वारस, म्हणून हल्ली ती या घरात आली की खिडक्यांचे पडदे चिमटीत धरून बघायची.

"हे बदलावे लागतील," ती म्हणाली. "ऊन खाल्लंय त्यांनी."

"घेऊन जा की, आत्या," बिरागो म्हणाली. "तुमच्याकडं फाडून पुसणी करा."

"जीभ बघा! म्हणून तर शाळेनं हाकललं."

"हाकललं नाही. मी सोडली."

"मास्तरवर डस्टर फेकून. ते सोडणंच म्हणायचं." आत्यानं अंगणात जाऊन गाडीच्या काचेतून आत डोकावलं. "आणि या सीटांवर बाळंतिणी बसणार? चामड्यावर? दुफी, तुझं पण ना काहीतरीच. खरं काय ते सांग. बाळंतघराकडून तुला काय मिळणारे?"

"मला काय मिळायचंय आता, ताई," आई म्हणाली. "त्यांच्या नावानं काहीतरी व्हावं, एवढंच."

बिरागो तिच्याकडं बघतच राहिली. हा आवाज तिला ओळखीचा होता. बाजारात एखादं गिऱ्हाईक स्वस्तातलं कापड घेऊन निघालं की आई याच मऊ आवाजात बोलायची, आणि ते गिऱ्हाईक महागातलं घेऊन जायचं.

मग बारिमाकाका आले. बाबांचे थोरले भाऊ, कुळाचे कारभारी. काळं कापड डाव्या खांद्यावरून घेतलेलं, पायांत रुंद चपला, मागून एक पोरगा त्यांची खुर्ची घेऊन. त्यांना दुसऱ्याच्या घरातल्या खुर्चीचाही भरवसा नव्हता. त्यांनी गाडीला चक्कर मारली, चाकाला लाथ मारून बघितली.

"चालतीये का?"

"चालते, नाना," आई वाकून म्हणाली.

"तर मग देतेस कशाला? चालणारी गाडी कुणी देतं का?"

"बोसोआसेचा रस्ता तुम्हाला माहीतच आहे. पावसाळ्यात बाया ट्रॅक्टरच्या मागं झोपवून आणतात. ही तिथं वर चढेल."

काकांनी दाढी खाजवली. "बाळंतघराच्या भिंतीवर दान देणाऱ्याची पाटी लावणारेत म्हणे."

"हो, नाना."

"नाव कुणाचं?"

"ते तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही मोठे. तुमच्यासमोरच होणार आहे सगळं."

काका खुर्चीत बसले. चेहऱ्यावर समाधान होतं, पण डोळे अजून आईवरच होते. बिरागोनं बघितलं, त्यांनी आत्याला खुणेनं जवळ बोलावलं.

"हिच्या मनात काय आहे?" ते पुटपुटले.

"मला विचाराल तर पाणीसुद्धा पिऊ नका इथलं," आत्या म्हणाली.

*

सिस्टर पिनामांग नन्सच्या पांढऱ्या झग्यात, डोक्याला निळा रुमाल, आणि काखेत दारूची बाटली घेऊन आली. हिरवी, चौकोनी, श्नाप्सची.

"सिस्टर, देवाला काय सांगाल?" वियाफेदादानं विचारलं.

"देवाला आपल्याकडची रीत माहितीये रे बाबा," सिस्टर म्हणाली. "नुसतं 'थँक्यू' म्हणून आपल्यात काय पक्कं होतं का?"

ते खरंच होतं. दान घेणाऱ्यानं आभाराची बाटली आणायची. देणारा कोण ते साक्षीदारांसमोर बोलायचं. मग देणाऱ्याकडच्या मोठ्यानं थोडी पूर्वजांना जमिनीवर ओतायची, थोडी आपण प्यायची. तो घोट घशाखाली गेला की दान पक्कं, आणि त्या वेळी जे बोललं गेलं तेही पक्कं. नंतर कुणी नाही म्हणू शकत नाही.

आणि साक्षीदार म्हणून आईनं बोलावला होता तो ओक्यामे अंपोन्साह. गावच्या गादीचा बोलका. राजा हळू बोलतो, हा ते मोठ्यानं लोकांना सांगतो. आयुष्यभर हेच काम. जमिनीचे कितीतरी तंटे "ओक्यामेला विचारा, तो तिथं होता" यावर मिटलेले. म्हातारा काठी टेकत आला आणि त्याला बघून काकांनी भुवई उडवली.

"एका जुन्या गाडीसाठी ओक्यामे?"

"तुमच्या नावाला शोभायला पाहिजे ना, नाना," आई म्हणाली.

बिरागो पायऱ्यांपाशी उभी होती. गाडीची किल्ली तिच्या मुठीत होती. सकाळपासून तिनं ती सोडली नव्हती. गेलं वर्षभर हीच गाडी ती बाजारात, दवाखान्यात, स्मशानात घेऊन गेली होती. बाबांनी तिला याच सीटवर शिकवलं होतं. क्लच नसलेल्या गाडीत डावा पाय काय करतो, असं तिनं विचारल्यावर ते म्हणाले होते, "आराम करतो. तुला आराम शिकायची गरज आहे." आता गल्लीतले, नात्यातले सगळे मांडवाखाली बसले होते, गोड मॉल्ट सरबताच्या बाटल्या हातांत घेऊन, आणि तिची आई या लोकांच्या समोर वाकून वाकून शेवटची चीज हवाली करत होती. कुणी अडवत नव्हतं. दादा तर घड्याळ बघत होता.

ओक्यामे उठला. काठी जमिनीवर आपटली.

"बोसोआसेच्या बाळंतघरानं आभाराची बाटली आणलीये. मी विचारतो, सगळ्यांनी ऐका. हे दान कोण देतंय?"

काकांनी घसा खाकरला. खांद्यावरचं कापड सारखं केलं. सावकाश उठले.

"कुणीच देत नाहीये!" बिरागो ओरडली.

सगळ्या माना वळल्या.

"कुणीच देत नाही! काका, तुम्ही कशाला उठलात? गाडी तुमची नाही. कुळाची नाही. आणि आई, तुझीही नाही! तुला साधं रिव्हर्स घेता येत नाही. माझ्या बापाची गाडी, ती आम्हा पोरांची. कायदा आहे तसा! मी वकिलाकडं जाईन, कोर्टात उभी राहीन, पण ही गाडी फाटकाबाहेर जाऊ देणार नाही. गाडीपण नाही आणि हे घरपण नाही!"

"बिरागो!" दादा म्हणाला.

"तू गप. तू चर्चच्या मागं विकला गेलास."

आईनं कापडाचं टोक तोंडावर ओढलं. तिचे खांदे हलायला लागले. बायकांतून "अगं बाई, अगं बाई" सुरू झालं. आत्यानं कपाळावर हात मारला.

सिस्टर पिनामांग उठली आणि बाटली परत काखेत घेतली. "मालकीचा वाद असेल तर आम्हाला गाडी नको, नाना. कोर्टकचेरीची गाडी बाळंतिणींना काय कामाची? मी जाते."

"बसा, सिस्टर, बसा," काका घाईनं म्हणाले.

"खरं म्हणजे," वियाफेदादा चाचरत म्हणाला, सगळ्यांसमोर झोंबलं होतं त्याला, "कायद्याचं म्हणाल तर ती तसं चूक बोलत नाहीये. पोरांना हक्क आहेच."

काकांनी गर्रकन त्याच्याकडं बघितलं. काल कबूल केलेलं पोरगं आज फितूर. बिरागोला त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब दिसला: गाडीवर पोरांचा हक्क मानला की उद्या तीच पोरं, तोच कायदा आणि हे घर. कुळाची म्हटलं तर ही भवानी कोर्टात जाणार आणि सिस्टर बाटली घेऊन परत जाणार, आपल्या नावाची पाटी गेली. समोर एक म्हातारी विधवा होती, तोंड झाकून रडणारी, जिच्यापासून कसली भीती नव्हती.

"लाज वाटत नाही?" काका गरजले. "जिनं नऊ महिने पोटात वाहिलं तिला भर सभेत 'तुझीही नाही' म्हणतेस? पोरांचा हक्क? पोरांचा काडीचा हक्क नाही! ही गाडी तुझ्या आईची आहे. हिच्या कापडाच्या दुकानाचे पैसे गेलेत गाडीत, आख्ख्या बाजाराला माहितीये. माझा भाऊ नुसता चालवायचा! आईची वस्तू आहे, आईला वाटेल त्याला देईल. तू कोण विचारणारी? बस खाली!"

"वा, नाना," मागून कुणीतरी म्हणालं. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. काकांची छाती फुगली.

ओक्यामेनं काठी आपटली. त्याचा आवाज म्हाताऱ्या अंगातून यावा असा नव्हता.

"नाना बारिमा बोलले. गाडी दुफीची. दुफीच्या कापडाच्या पैशातली. पोरांची नाही, कुळाची नाही, दुफीची. ऐकलंत?"

"ऐकलं!" सगळे म्हणाले.

"ऐकलंत?"

"ऐकलं!"

सिस्टरनं बाटली दिली. पेला भरला गेला. काकांनी थोडी जमिनीवर ओतली, पूर्वजांची नावं घेतली. तेवढ्यात कोनादू आत्या खुर्चीवरून अर्धवट उठली आणि तिनं मागून त्यांचं कापड ओढलं.

"नाना, तोंडाला लावू नका."

"काय?"

"लावू नका म्हणते ना. तुम्ही काय बोलून बसलात..."

पण पेला ओठांपाशी होता, सिस्टर हात जोडून उभी होती, सगळं अंगण बघत होतं. कारभाऱ्यानं बहिणीच्या सांगण्यावरून पेला खाली ठेवायचा? काकांनी खांदा झटकला आणि एका दमात घोट घेतला.

पेला फिरला. ओक्यामेनं घेतला, दादानं घेतला. आत्यानं तोंड फिरवलं.

मग आईनं तोंडावरचं कापड काढलं आणि उठली. काकांसमोर वाकली, पार कंबरेत.

"नाना, तुम्ही आज खरं बोललात. देव तुमचं भलं करो. माझेच पैसे होते ते. त्याच वर्षी, त्याच दुकानाच्या पैशात या घराचं छप्पर चढलं. त्याच पैशात वखारीची जागा घेतली. बाजाराला तेही माहीत आहे."

अंगणात कुणाच्या तरी मॉल्टची बाटली लवंडली, तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"मी घराबद्दल बोललो नाही," काका म्हणाले.

"नाना." ओक्यामे खाली बसला होता, हनुवटी काठीवर. "गाडी, घर, वखार, सगळं एकच गाठोडं, कुणी सोडवायचं नाही. पेटीपाशी तुम्हीच म्हणालात. तिथंही मी होतो."

काकांनी आत्याकडं बघितलं; आत्या पडद्यांकडं बघत होती.

आई सकाळी चाकं घासत होती तेव्हापासूनचं सगळं तिच्या डोक्यात एकामागून एक जागेवर बसायला लागलं. ओक्यामे. मऊ आवाज. पाटी. सगळं मांडलेलं होतं. फक्त एका माणसानं उठून ओरडायचं बाकी होतं, म्हणजे काका "कुळ" म्हणायच्या आत दुसरंच काहीतरी बोलून बसतील. आणि आईनं त्या माणसाला काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं.

"किल्ली, बाळ," सिस्टर जवळ येऊन म्हणाली.

बिरागोनं मूठ उघडली. तळहातावर किल्लीचा लाल वळ उठला होता. सिस्टर स्वतःच गाडीत बसली, सीट पुढं घेतली, आणि ओसेबो फुस्स करत उठली, फाटकातून हळूच वळली, गेली.

"आणि हिचं काय?" कोनादू आत्याला आता कुठंतरी राग काढायचाच होता. "आईला भर सभेत बोलली ती. हे असंच सोडणार?"

"नाही सोडणार," काका लगेच म्हणाले. निदान एवढं तरी त्यांच्या हातात होतं. "गुडघ्यावर ये. सगळ्यांदेखत माफी माग आईची."

दादा काहीतरी बोलायला गेला, पण बिरागो स्वतःच पुढं आली. गाडी उभी होती ती जागा ओली होती, धुण्याचं पाणी अजून वाळलं नव्हतं. ती तिथंच गुडघे टेकून बसली. आई खुर्चीतून पुढं झुकली, तिच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं.

"मला सांगायचंस की," बिरागो दातांतून म्हणाली.

"सांगितलं असतं तर खोटं ओरडली असतीस," आई तेवढ्याच हळू म्हणाली. "तुला खोटं जमत नाही. त्यांनी लगेच ओळखलं असतं."

"आणि मी ओरडलेच नसते तर?"

आईच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग ती सरळ बसली आणि मोठ्यानं, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाली, "मी हिला एवढ्यात माफ करणार नाही. फार लागलंय माझ्या जिवाला."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "राहू दे तशीच."

आई पुन्हा खाली वाकली, पोरीच्या कानाशी. "अजून थोडं रड."

तेव्हा बिरागोला कळलं की आपण रडतोय. घर राहिलं होतं, छप्पर राहिलं होतं, आईला कुणाच्या दारात जावं लागणार नव्हतं. तिला पाहिजे होतं तेच झालं होतं. तरी रडू थांबेना. जुगारात मांडतात तसं तिला मांडलं होतं, न विचारता, आणि मांडणारीला डाव जिंकणार याची खात्री होती.

तिनं डोळे पुसून वर बघितलं. आईच्याही डोळ्यांत पाणी होतं. खरं की बाकीच्यांसाठी काढलेलं, ते बिरागोला ओळखता येईना.